बर्फगाडीचं झाकण

लडाख, जानेवारी १९८८

सौ. तारा हिला दत्तारामची बर्फातून आठवण.

मी खुशाल आहे. नाकाचा शेंडा तेवढा काळा पडलाय, पण तो आधी तरी कुठं गोरा होता! आईचा गुडघा कसा आहे? पेज वेळेवर घेते ना?

आमच्या ठाण्यावर बर्फावर पळणारी एक म्हातारी गाडी आहे. सुरुवातीला झकास धावायची, गरम झाली की दम सोडायची. परवा मला घेऊन चढणीवरच बसली. चालत आलो, त्यात विशेष काही नाही.

प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, तरी तेच. शेवटी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्सकन हवा आत गेली! बर्फ शिरू नये म्हणून कुणीतरी झाकणाचं भोक मेणानं बुजवलं होतं. हवा नाही, म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं.

अगो, मी एकटाच हसत सुटलो. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तू इब्रामपूरच्या आपल्या पाण्याच्या पंपाची डिझेलची टाकी अशीच प्लास्टिकनं घट्ट बांधली होतीस, आणि मी इंजिनाला शिव्या घालत बसलो होतो! इथं सगळ्यांना ते सांगितलं. आता गाडीचं नावच 'तारा' पडलंय. रागावू नकोस.

हे पत्र ताराच खाली नेणार आहे. तुझ्या हाती पडलं, तर समज, ती वाटेत कुठं थांबली नाही.

तुझाच,
दत्ताराम