वाचताना गाळलेला कोळसा

नागपूर, मे १९८८, रविवार संध्याकाळ

बाबांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून कूलरसमोर बसून मासिकातला लेख मीच वाचून दाखवला. कोळशाच्या धुरामुळे पृथ्वी तापत चालली आहे, नातवंडांच्या काळात उन्हाळे आणखी कडक होतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. वाचताना 'कोळसा' तेवढा गाळला. ज्यांची अख्खी नोकरी खाणीत गेली, त्यांना तो कसा ऐकवायचा?

"कशाचा धूर वं?" बाबांनी विचारलं.

"गाड्यांचा."

ते हसले. "कोळशाचं नाव घ्यायले काहून भिऊन राहिली? मीच तर काढला." मग म्हणाले, "तुमचा हा कूलर बी त्याच्यावरच चालते."

मी नक्की कोणाला सांभाळत होते?

कूलर अजून चालूच आहे. बंद करायला मी उठलेले नाही.