निळ्या टँकरच्या पोटावरचा फुगा

मी, खाली सही करणार, वय अठ्ठावन्न, धंदा टँकरवर विनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिकचे पट्टे, चढवणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. दडपणाचे वाक्य खरे ठरावे म्हणून दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि मालक, परगावी गेल्यावर लिहायला बसलो आहे.

१. घर माझे नाही. कारखान्यावरची ही खोली दादाची. तिच्या एकुलत्या खिडकीवर त्याने कारखान्याची जाहिरात चिकटवून घेतली, तीही माझ्याच हातून. एक सुरकुती नाही. तीस वर्षे मी आतून त्या जाहिरातीची पाठ बघतो आहे. खोलीतले कपाट आणि पंखा मात्र माझे, ते मुलीला.

२. हीट गन, पाती आणि पट्ट्याही मुलीलाच. अट एकच, दादाच्या हाताखाली तिने काम करू नये. "तुला लहानाचा मोठा केला" हे ऐकत मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. तेवढा पुरे.

३. समोरच्या रंगाऱ्याने मला जन्मभर 'स्टिकरवाला' म्हटले. त्याला माझी शिडी द्यावी. तिच्यावर चढून त्याने टँकरच्या गोल पोटावर एक पट्टा सरळ लावून दाखवावा.

४. अॅसिडचा निळा टँकर दादाचा. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याच्या पोटाच्या वेल्डिंगवर केसाएवढी चीर दिसली. दुरुस्तीला न्यावा तर फेऱ्या बुडणार. दादा म्हणाला, "आत्ता वर चिकटव, मग बघू." मी चिरेवर विनाइल चिकटवले. टँकर पास झाला.

मागच्या सोमवारी तिथे विनाइलखाली फुगा आला. फुग्याला आम्ही टाचणी टोचतो, हवा जाते, अंगठ्याने दाबले की काम संपते. यातून हवा आली नाही. टाचणी काळी पडली, डोळे झोंबले. मी त्यावर दुसरा तुकडा चढवला. माझी मला लाज वाटली, तरी हात सफाईने चालले. बोललो तर दादा तुरुंगात आणि मागोमाग मी. नाही बोललो तर टँकर चालवणारा लंबू जिवानिशी जाईल. धरले तर चावते, सोडले तर पळते. टँकर उद्या सकाळी पुन्हा भरणार आहे.

५. चौथे कलम माझ्या मरणापर्यंत कपाटात ठेवता येणार नाही, हे लिहिताना कळले. साक्षीदार म्हणून शेजारचा शिंपी आणि लंबू दोघांना बोलावले होते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणाले होते. मी लंबूला वाचायला दिला.

त्याने दोनदा वाचला. "मागच्या सोमवारपासून रोज 'सांभाळून जा' म्हणतोयस, ते यासाठी?"

"हो."

त्याने पेन खाली ठेवले आणि टँकरची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "मी नाही नेत आता. दादाला तूच सांग. माझ्यासमोर."

एका साक्षीदाराच्या सहीवर हा कागद टिकणार नाही, हे मला माहीत आहे. दादाला फोन लावला आहे. पलीकडे रिंग वाजते आहे.

सही: धाकटा भाऊ
साक्षीदार पहिला: शिंपी (सही)
साक्षीदार दुसरा: लंबू, ड्रायव्हर (हजर, सही केली नाही)
ठिकाण: कारखान्यावरची खोली
मंगळवार, ११ मार्च, दुपार