गांधीलमाश्यांचा कोपरा

५ जून
आजपासून कामाला लागलो. कुळगावच्या कोंडाजीमामाची नदीकाठची पट्टी जंगल करायला घेतली. मामा ती उल्हासनगरच्या धर्मेशला लग्नाच्या लॉनसाठी भाड्यानं देणार होता. म्हटलं, शिमग्यापर्यंत थांब, झाडं दिसली नाहीत तर खुशाल दे. त्याच काठावर मामानं मला पोहायला शिकवलं. तिथं डीजे वाजलेला मला सहन होणार नाही.
बायकोला सांगितलं. भाविका म्हणाली, गच्चीवरच्या मशरूमचं काय झालं ते आठव. हिला व्हिजनच नाही.

९ जून
साफसफाई. करंज, निरगुडी, कसली कसली झुडपं माजली होती. सगळी मुळासकट काढायला लावली. जंगल करायचं तर आधी जागा क्लिअर पाहिजे. एका कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. एक कानाला चावली. तो कोपरा फेज टूसाठी राखून ठेवला.

१० जून
कान वड्याएवढा. आराम.

१६ जून
कात्रपच्या नर्सरीतून गुलमोहर आणले. नर्सरीवाला म्हणाला, नदीला करंज न्या. म्हटलं, आत्ताच तर उपटले, परत विकत कशाला घेऊ? दोरी धरून सरळ ओळीत लावले. प्रत्येकाला एका नातेवाइकाच्या नावाची पाटी. फोटो ग्रुपवर टाकले. भाविकानं अंगठासुद्धा दिला नाही.

२६ जुलै
नदीला पूर. पाणी मामाच्या गोठ्याला लागलं. माझी झाडं मजबूत आहेत.

२९ जुलै
पाणी ओसरलं. ओळी गेल्या, खालची मातीही गेली. भाविकाची पाटी पार खाली बाभळीत अडकलेली सापडली. तिला सांगितलं नाही. फेज टूचा कोपरा तेवढा जागच्या जागी. माश्यांच्या वजनानं माती दबली असावी.

११ ऑगस्ट
पुन्हा गुलमोहर. या वेळी खत जास्त.

२० ऑगस्ट
मामाच्याच शेळ्यांनी खाल्ले. मामाला म्हटलं, शेळ्या बांधून ठेव. तो म्हणाला, त्या कोपऱ्यात बऱ्या जात नाहीत? म्हटलं, मी तरी जातो का?

९ नोव्हेंबर
उरलेल्यांना रोज सकाळी पाणी. सोमवारपासून.

७ डिसेंबर
सोमवारपासून नक्की.

१८ जानेवारी
तीन गुलमोहर जिवंत. एकाला पान आहे. कोपऱ्यात मात्र नुसतं रान माजलंय. करंज माझ्या डोक्याच्या वर, उंबराला फुटवे, मधे जांभळाची रोपं, वर वेली. आत कसलासा पक्षी सारखा ओरडत होता. रस्त्यावरून बघितलं तर माझे गुलमोहर या सगळ्याच्या मागे झाकून जातात. मामाला दिसणार कसे? झोप लागत नाही.

११ मार्च
होळीला मामा बघायला येणार. लांबून काठी मारून पोळं तपासलं. रिकामं. माश्या कधीच उडून गेल्यात. लगेच झाडं कापणाऱ्या मशीनवाल्याला फोन केला.

१२ मार्च
फेज टू पूर्ण. कोपरा चकाचक. आता तिन्ही गुलमोहर थेट रस्त्यावरून दिसतात. आयुष्यात एक काम तरी तडीला नेलं. भाविकाला म्हटलं, उद्या तूही चल.

१३ मार्च, होळी
मामा आणि बनूमामी आले. मामानं काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली. मग म्हणाला, परवा होडीतून येताना तुझं रान बघितलं, इतकं बरं वाटलं की धर्मेशला नाही म्हणून सांगून टाकलं. कुठं गेलं ते?
मी बोट दाखवलं. गावातली माणसं माझे करंज होळीत टाकायला ओढत नेत होती. भाविका मशरूमवरून बोलली असती तर बरं झालं असतं.
कापलेल्या उंबरातून पांढरा चीक वाहत होता. बघवेना. होळी पेटल्यावर रडून घेतलं, धूर होताच.
मामी म्हणाली, खुंट हायत, पाऊस परला का आपसूक येल. मामानं जागा पुढच्या शिमग्यापर्यंत ठेवलीय. अट एकच. मी तिकडे फिरकायचं नाही.

१४ मार्च
अट मान्य केली. एवढी जबाबदारी मामा दुसऱ्या कुणाला देणार नाही.
दिवसभर घरातच. संध्याकाळी चप्पल घातली. भाविकानं विचारलं, कुठं? काढून ठेवली.