आपल्या नळाचा कांदा

मंगळवार, ४ मार्च

प्रिय चिमे,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला गोड पापा. इथे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते. बाळंतपणाला तू येणार म्हणून तिने खिडकीची खोली रिकामी केली आहे. माझ्या वेळी शिवलेली दुपटीही काल उन्हात टाकली. संध्याकाळी घड्या मीच घातल्या.

तू पाठवलेल्या पाण्याचं सांगते. तुझ्या घरामागे क्रोमचा मुलामा चढवायचा कारखाना, म्हणून आम्ही त्या पाण्याला किती नावं ठेवली! तुझ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. खिडकीत तीन ग्लासांवर तीन कांदे बसवले: एकात तुझं पाणी, एकात आपल्या नळाचं, एकात लॅबमधलं शुद्ध. आई म्हणाली, "जावयाची ठेवली नाही एवढी बडदास्त कांद्यांची!"

मुळं फुटल्यावर त्यांची टोकं कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एका पेशीच्या दोन होताना आतली गुणसूत्रं सारखी वाटली जाऊन दोन बाजूंना जातात. तुझ्या कांद्यात ती शहाण्यासारखी गेली होती, शुद्ध पाण्यातल्यासारखीच. तुझं पाणी चांगलं आहे गं.

आपल्या नळाच्या कांद्यात ती तुटली होती. तुकडे मधेच राहिलेले. वाटलं, माझ्याच वेंधळेपणाने ग्लास बदलले. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मग पाणी तपासायला दिलं, तर शिसं निघालं, भरपूर. भिंतीतले आपले जुने पाइप शिशाचे आहेत. आई पाणी उकळते, पण शिसं उकळून जात नाही.

आमचे सर म्हणतात, कांदा म्हणजे माणूस नव्हे. खरंच आहे. माझी दोन्ही बाळं पोटातच का गेली, ते कांदा सांगणार नाही. लोक म्हणाले, दिवसभर लॅबमध्ये उभी राहते म्हणून. मीही तेच धरून बसले. दोन्ही वेळा आई मागे लागून पाणी पाजायची, आणि बाळासाठी म्हणून मी एक ग्लास जास्तच प्यायचे.

आईला हे सांगायची माझी छाती नाही. नळ बिघडलाय अशी थाप मारून तिच्यासाठी पाणी बाहेरून आणते.

तू येऊ नकोस. ताईशी भांडण झालं, तिचं तोंड बघायचं नाही, असं आईला कळव. ती मला चार शब्द सुनावेल, सुनावू दे. दुपटी पाठवते आहे. इथे धुतलेली आहेत, तुझ्या पाण्यात पुन्हा धुऊन घे.

तुझी, तोंड न बघण्यासारखी,
ताई