दाराबाहेरचा दिवा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

तुला आणि तुझ्या घरच्यांना आशीर्वाद. आम्ही इथे सुखरूप आहोत, ह्यांचा गुडघा सोडून. तो कधी सुखरूप नव्हताच.

हातात फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. फोनवर तू दोनदा विचारलंस, "ताई, खरं सांग, माझ्या चित्रात काय चुकतंय?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "काही नाही गं, छान आहे," आणि घाईघाईने भाजीच्या महागाईवर घसरले. कागदावर असं सटकता येत नाही. निदान खाडाखोड तरी दिसते.

आधी इथली हकिगत. तुझ्या लेकाने टाकून दिलेला कॉम्प्युटर अजून चालतो आहे. त्यावर नाटकाच्या खोलीचं चित्र तयार व्हायला लागलं की त्याचा पंखा असा घरघरतो, की परवा शेजारीण विचारत आली, "काकू, घरात गिरणी टाकलीत का?" ह्यांचं तर रोजचंच, "झाले का दिवे लावून?" विजेचं बिल आलं की मात्र विनोद थांबतो. म्हणून चित्र लावलं की त्या दिवशी इस्त्रीला सुट्टी.

तुझं चित्र पाहिलं. एकदा नाही. किती वेळा ते विचारू नकोस. रंगमंचावर आईची खोली तू हुबेहूब उभी केली आहेस. पलंग, घडी घातलेली चादर, स्टुलावरचा चष्मा, आणि खिडकीतून येणारं ते संध्याकाळचं ऊन! आपल्या इंटरनेटवरच्या मंडळातल्या लोकांनी त्याखाली काय काय लिहिलंय ते वाचता वाचता माझा चहा निवला. कोणाचे डोळे भरून आले, कोणाला आपली आई आठवली. माझ्या दिवाणखान्याच्या चित्राखाली एकाने लिहिलं होतं, "फर्निचर चांगलं आहे."

चिमे, कॉम्प्युटरवर नाटकातली खोली कशी उभारायची हे तुला मी शिकवलं. पहिला दिवा कुठे टांगायचा ते फोनवर सांगताना माझं दूध उतू गेलं होतं. आता नाटकवाले पुढच्या आठवड्यात मंडळातल्या चित्रांतून एक निवडणार, त्याची खोली खऱ्या रंगमंचावर उभी राहणार, खरे दिवे लागणार, आणि जो तो म्हणतोय की ती तुझीच. दूध माझं गेलं, साय तुला.

लिहिलं बाई एकदाचं. खोडत नाही.

आणखी एक गोष्ट कोणाला ठाऊक नाही. आईची खोली मीही केली होती, तुझ्याआधी. माझा स्वभाव तुला माहीत आहे. जमाखर्च जुळतो तसा उजेडही जुळला पाहिजे, उजेड पडला तर दिवा दिसला पाहिजे. प्रेक्षकांना न दिसणारा दिवा लावायचा म्हणजे मला उधळपट्टी वाटते, शिवाय खोटेपणा. म्हणून छताचा तेवढा एक दिवा लावला, तर आईची खोली दवाखान्यासारखी पांढरीफटक दिसायला लागली. रागाने पुसून टाकली. आता ती पुन्हा उभी करायची तर ह्या कॉम्प्युटरवर निकालाची तारीख उलटून जाईल.

मग आपल्या दिवेवाल्या काकांनी तुझ्या चित्राखाली लिहिलं. उभा जन्म नाटकांना उजेड देण्यात गेला त्यांचा. "उजेड देखणा आहे, पण ह्या खोलीत कोणी राहिल्यासारखं वाटत नाही." ते वाचून मला इतकं बरं वाटलं, की उठले, देवापुढे बसले आणि सरळ मागितलं, चिमीचं चित्र निवडलं जाऊ नये. आजवर त्याच्याकडे कोणाचं वाईट मागितलं नव्हतं. त्याच्याकडे बघून मागायचा धीर झाला नाही, डोळे मिटूनच मागितलं.

काकांना काय खटकलं ते मला पाहिल्या पाहिल्याच कळलं होतं. तू विचारलंस तेव्हाही ठाऊक होतं.

ती खिडकी, चिमे. शेवटची वर्षं ती बंदच असायची. उजेडाने आईचे डोळे चुरचुरायचे. तुला कसं कळणार? तू यायचीस तेव्हा तीच म्हणायची, "अगं, खिडकी उघड, चिमी आली!" तुझ्यासाठी तेवढा वेळ ऊन सोसायची. तू गेलीस की मी ओल्या फडक्याने तिचे डोळे टिपायची.

एरवी त्या खोलीत उजेड यायचा तो दारातून. बाहेर बोळकांडीत मी हिशेब लिहीत बसायची, आणि दार लोटायला गेले की आतून आवाज यायचा, "लोटू नकोस गं. तू दिसली नाहीस तरी चालेल, उजेड असू दे." आणि त्यालाच जोडून, "चिमीचा फोन आला का?" रोज. बसलेली मी, आणि विचारायचं तुला.

आईचे दागिने आपण सारखे वाटून घेतले. हा उजेड वाटणीत आला नाही, तो माझ्याकडेच राहिला. तो तुझ्या खोलीत लावायचा म्हणजे तुझ्या नावावर करायचा. नाही लावला, तर तो कुठेच लागत नाही. दोन दिवस हेच घेऊन बसले आहे.

तर लिहून घे, निकालापर्यंत चित्र बदलता येतं. खिडकी बंद कर, पडदाही ओढ. दार वीतभर उघडं ठेव आणि दिवा दाराबाहेर लाव, प्रेक्षकांना दिसणार नाही असा. उंच टांगू नकोस, टेबलावरचा होता तो. पांढरा नको, पिवळट कर. जुना बल्ब गेल्याशिवाय मी बदलत नसे. उजेडाची पट्टी जमिनीवरून पलंगावर चढू दे. उशीपर्यंत नेऊ नकोस. आई हात बाहेर काढून ठेवायची, तिथे थांबव. आणि त्या पट्टीत एका बाजूला थोडी सावली येऊ दे, बाहेर कोणी बसलं असावं एवढी. कोण, ते दाखवायची गरज नाही.

चित्र निवडलं गेलं तर मंडळात माझे आभार मानू नकोस. मला ते झेपणार नाही. फोनही लगेच करू नकोस, मी पुन्हा भाजीवर घसरेन. देवाकडे मागितलेलं अजून परत घेतलेलं नाही. आधी हे पत्र पेटीत टाकून येते, मग त्याच्यापुढे बसते.

दाराबाहेर बसलेली,
तुझी ताई