माझा दंबूर सुनेला

बिस्मिल्लाह. मी जुमन फकीर, वरियाम फकिरांचा मुलगा, वय एकाहत्तर, राहणार गोठ सोनाहरी, जिल्हा मटियारी, सिंध. हात थरथरतात, डोके नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही.

घर, दोन म्हशी आणि विहिरीकडची जमीन शरियतप्रमाणे माझा एकुलता मुलगा मेहराब याची.

दर्ग्यात गायला बसताना घालायचा नवा काळा झगा धाकटा भाऊ लुकमान याला. त्याचा विरला आहे आणि तो मागणार नाही.

माझा पाच तारांचा दंबूर मात्र वारशात धरू नये. मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत शरियतीत वारस नसलेल्याला देता येते. म्हणून तो सून सदोरी हिला देतो.

लुकमान म्हणाला, "अदा, मोठा भाऊ तू, पण म्हातारपणी फिरलं तुझं. दर्ग्याचं वाद्य चुलीपाशी?" त्याचे उत्तर इथेच लिहितो.

दर्ग्याच्या अंगणात आपण दाढीवाले पुरुष पन्नास वर्षे बाईचा बारीक आवाज काढून गातो, कारण देवाला हाक तिच्याच तोंडून घालायची, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. अकरा वर्षांपूर्वी मी घरी रियाज करत होतो. कलामातली, म्हणजे दर्ग्यातल्या पदांतली, बाई वाळवंट तुडवते, त्या ओळीला मी नेहमीसारखा गळा भरून आणला. भाकरी थापता थापता सदोरी म्हणाली, "बाबा, इथे ती रडणार नाही. पाण्यावाचून फिरणारीला रडायला ओल कुठली?"

त्या गुरुवारी दर्ग्यात मी ती ओळ कोरड्या गळ्याने म्हटली. लुकमान, तूच माझे हात डोळ्यांना लावलेस. ती ओळ तशी म्हणायला कोणी शिकवले, हे मी तुला सांगितले नाही. आज सांगतो.

पुढे हजला गेलो. दोन टेकड्यांमध्ये लाखो पुरुष धावत होते. बाळासाठी पाणी शोधत बीबी हाजरा धावली, त्याच वाटेने. बादशहा असो की फकीर, तिथे एका आईच्या पावलांवर पाऊल टाकावेच लागते. मला सदोरीचे बोलणे आठवले.

दंबूर घरी वाजवावा की दर्ग्यात, ते तिने ठरवावे. इतरांनी तो तिच्याकडून मागून घ्यावा.

गोठ सोनाहरी, गुरुवार, ७ मार्च २०१९.

जुमन फकीर (सही)

साक्षीदार: मौलवी अब्दुल करीम सूमरो (सही)

साक्षीदार: लुकमान फकीर (अंगठा). वाचून दाखवले, ऐकले. त्यांच्या सांगण्यावरून मौलवींनी लिहिले: झगा घेतो. सदोरी गायला बसेल त्या दिवशी तो घालून तिच्या मागे बसेन.