तटाचा दगड

दौलताबाद. पोळ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ.

उन्हाळ्यात घरामागच्या किल्ल्याच्या तटाच्या पायातून एक दगड काढला होता, धुणं आपटायला. त्यात काय एवढं? गावात किल्ल्याचा दगड नसलेलं घर नाय. यादव गेले, दिल्लीची राजधानी इथं आली न परत गेली, तट काही हलला नाय.

पण यंदाच्या पावसात तटाला पोट आलं, मधले दगड घराकडं फुगले. आई रोज म्हणायची, "जिथून आणला तिथं ठिवून ये." आज गेलो, तर दगड आत जाईना. आडवा घातला, पालथा घातला, तरी चार बोटं जागा कमी. दगड तोच आहे. धुण्यानं झिजला असंल, वाढला तर नाय. मग जागा कशी आखडली? वरचा तट खाली बसतोय का? माझ्या एका दगडानं?

आईला सांगितलं, ठिवला. दगड पोत्याखाली झाकलाय.

घरात येऊन बाळाची झोळी मागच्या खोलीतून सोडली न ओसरीवर बांधली. बायकोनं विचारलं, "का हो?"

"मागं डास लई झालेत."

"मग आईंचं अंथरूण?"

तेही उचलून आणलं.